कसर आणि काटकसर



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तीत तुम्हीही काही लिहा, असे संपादिकाबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पत्रापलीकडे कधी काही लिहिले नाही. पण बाई म्हणाल्या, "अचलपूरच्या किल्ल्याचा आणि नबाबांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. तुम्ही घरातला लिहा." घरातला इतिहास म्हणजे काय, याचा विचार करीत मी कपाट आवरावयास घेतले आणि विषय तेथेच सापडला. तो विषय म्हणजे कपड्यांना लागणारी कसर.

विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. पण या क्षुल्लक किड्यापायी आमच्या घरात दोन प्रसंग घडले. एकात एक तान्हे बाळ जाता जाता वाचले आणि दुसऱ्यात माझ्या हातून एक गोष्ट गेली ती गेलीच. त्यानंतर मी या किड्याची माहिती गोळा करू लागले. वाचनालयातून पुस्तके आणली. इंग्रजी पुस्तकांतला मजकूर आपल्या मंडळातल्या एका शिक्षिकाबाईंनी मला मराठीत समजावून सांगितला. जे समजले ते येथे मांडते.

आधी शब्दच पाहा. कसर म्हणजे उणीव. कसर म्हणजे अंगात मुरलेला बारीक ताप. कपडे आणि पोथ्या खाणारा किडा तोही कसरच. आणि काटकसर हा तर आपणा बायकांचा रोजचा धर्म. ख्रिस्ती लोकांच्या बायबलात पृथ्वीवर साठविलेल्या धनाला कसर लागते असा दृष्टांत आहे, तेथेही मराठी भाषांतरात हाच शब्द आला आहे.

पण ज्याला आपण सरसकट कसर म्हणतो तो एकच किडा नव्हे. एक असते ती चंदेरी, चपटी, लांब मिशांची. ट्रंक उघडली की सुळकन पळते. तिला खळ, कांजी आणि कागदावरचा डिंक प्रिय. म्हणून ती पोथ्या आणि खळीचे सुती कपडे कुरतडते. दुसरी कसर म्हणजे एक लहानसा पतंग, फिकट सोनेरी, तांदळाच्या दाण्याएवढा. हा दिव्यावर झेप घेत नाही, उलट अंधारात पळतो. मौज अशी की हा पतंग स्वतः काहीच खात नाही. त्याला खाण्यास तोंडच नसते म्हटले तरी चालेल. मादी चाळीस-पन्नास अंडी घालते, ती कपड्यांच्या घडीत, आणि त्यांतून निघणारी अळी कपडा खाते. म्हणजे उडणारा पतंग टाळीत धरून मारला तरी खाणारी पोरे घडीतच राहतात. याच्याच जातीची एक अळी भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी करड्या रंगाची पिशवी पाठीवर घेऊन सरपटताना तुम्ही सर्वांनी पाहिली असेल.

ही अळी काय खाते, हे आपणा वऱ्हाडी बायकांनी नीट ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ती खाते लोकर, रेशीम, केस आणि पिसे, म्हणजे प्राण्याच्या अंगापासून झालेली वस्तू. स्वच्छ सुती कपडा ती खात नाही. त्यावर तेलाचा, दुधाचा किंवा घामाचा डाग असला तरच तेथे तोंड लावते.

यावरून माझ्या मनात आले की, आपले वऱ्हाड तर कापसाचे. येथे कसर आली कोठून? आणि मग मी आपल्या गावाचा इतिहास या दृष्टीने पाहू लागले.

आपले अचलपूर, जुने नाव एलिचपूर, हे १४९० पासून १५७४ पर्यंत वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होते. राजधानी म्हटली की दरबार आला, आणि दरबार म्हटला की शालू, किनखाप आणि गालिचे आलेच असणार. पुढे पेशवाईत मानाच्या माणसाला शालजोडी देण्याची चाल तर सर्वांना ठाऊकच आहे. ही सगळी रेशीम-लोकरीची वस्त्रे, आणि तीही वर्षातून एकदोनदा अंगावर घालावयाची. उरलेले दिवस ती अंधारात घडी घालून ठेवलेली. कसरीला याहून चांगले घर कोणते?

गरिबाघरी मात्र अंगावर सुती लुगडे, पांघरावयास जुन्या लुगड्यांची वाकळ. लोकरीची वस्तू एकच, ती म्हणजे धनगराने विणलेले घोंगडे. ते घोंगडे शेतकऱ्याच्या खांद्यावर रोज शेतात जाई, पावसात भिजे, उन्हात वाळे, रात्री अंथरले जाई, सकाळी झटकले जाई. त्याला कसर लागावयास फुरसतच नव्हती. कसर वापरलेल्या वस्तूला लागत नाही, ठेवलेल्या वस्तूला लागते. मला या सगळ्या शोधात जे एक सूत्र सापडले ते हेच.

जुन्या लोकांना ते ठाऊक होते. याज्ञवल्क्यस्मृतीत लोकर व रेशीम खारी माती आणि पाणी यांनी शुद्ध करावे, कांबळे रिठ्याने धुवावे, असे सांगितले आहे. आपण शाल रिठ्याच्या पाण्यात धुतो ती रीत इतकी जुनी आहे. घामाचा आणि तेलाचा डाग निघाला की अळीचे निम्मे आकर्षण गेले. दूर रोममध्ये इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटो नावाच्या गृहस्थाने शेतीवर पुस्तक लिहिले, त्यात कपड्यांच्या पेटीच्या तळाला आणि कोपऱ्यांना ऑलिव्हच्या घाण्याचे आटविलेले पाणी चोळावे म्हणजे कसर लागत नाही, असा उपाय दिला आहे. चीनमध्ये सातव्या महिन्याच्या सप्तमीला कपडे व ग्रंथ उन्हात घालण्याची रीत होती. जपानात भर उन्हाळ्यात रेशमी वस्त्रे आणि पोथ्या वाऱ्यावर पसरतात. आपल्याकडे वैशाखात आणि पावसाळा ओसरला की भादव्याच्या उन्हात पेट्या उघडीत. देश निराळे, भाषा निराळ्या, पण साऱ्यांनी वर्षातून एकदा पेटी उघडण्याचा दिवस ठरवून ठेवला होता.

आपल्या आज्या पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला, वेखंडाचे तुकडे, लवंगा, तंबाखूचे पान असे काही ना काही ठेवीत. आम्हाला वाटे, ही खरी औषधे. पण पुस्तकांतून असे समजले की हे वास पतंगाला थोडेबहुत दूर ठेवतात, घडीत शिरलेली अळी त्याने मरत नाही. मग आज्यांच्या पेट्या कशा राहिल्या? तर पाला वाळून भुगा झाला की तो बदलावा लागे. पाला बदलावयाचा म्हणजे पेटी उपसावी लागे, कपडे झटकावे लागत, घडी मोडून नवी घालावी लागे. आज्या पाल्याचे गुण गात, आणि काम मात्र त्यांचे हात करीत.

इंग्रजी अमलात हे चित्र पालटू लागले. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. आपल्या शेजारी परतवाड्याला छावणी होती. वर चिखलदरा १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन यांच्या दृष्टीस पडल्यापासून साहेबलोकांचे हवा खाण्याचे ठिकाण झाले. थंड हवेला लोकरीचे कोट आणि रग लागतात. इकडे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापूसवाल्यांच्या घरी पैसा आला आणि पैशाबरोबर लोकर, मखमल, पैठण्या आल्या. १९१३ साली मूर्तिजापूरहून अचलपूरला छोटी रेलगाडी आली. तिच्यातून कापसाचे गठ्ठे बाहेर जात आणि परगावचा माल आत येई. ती गाडी आता बंद आहे, पण तिच्या आठवणी सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

आणि मग आली पांढरी गोळी. आपण हिला डांबराची गोळी म्हणतो ते अगदी बरोबर आहे. विलायतेत दगडी कोळसा तापवून दिव्यासाठी गॅस काढीत, तेव्हा खाली डांबर उरे. त्या डांबरातून एक पांढरा, उग्र वासाचा पदार्थ निघाला. १८२१ साली जॉन किड यांनी त्याला नॅप्थलीन असे नाव दिले आणि १८२६ साली मायकेल फॅरडे यांनी त्याची घटना शोधली. पुढे टाकाऊ डांबरातून निघालेला हा पदार्थ गोळ्या होऊन जगभरच्या कपाटांत जाऊन बसला. आपल्या देशात आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०१ साली स्थापन केलेल्या बंगाल केमिकल कंपनीनेही या गोळ्या केल्या. त्यामुळे ही वस्तू स्वदेशी घरांतही मानाने आली.

कसर आणि विष यांची जोडी येथेच थांबली नाही. स्वित्झर्लंडातल्या एका रंगाच्या कारखान्यात लोकरीला कसर लागू नये म्हणून औषधांचा शोध चालला होता. त्याच कारखान्यात काम करणारे पॉल म्युलर यांना १९३९ साली डीडीटीचा किडे मारण्याचा गुण सापडला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापावर त्या पावडरीने पुष्कळ काम केले, पण तिचे अपायही पुढे कळले आणि १९८९ साली आपल्या देशात शेतीसाठी तिचा वापर बंद झाला. विष किड्यासाठी आणले तरी ते माणसापर्यंत पोहोचते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना किती शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलो नाही.

आता आमच्या घरचे सांगते.

माझे लग्न १९९९ साली झाले. सासूबाईंची एक मोठी पत्र्याची ट्रंक होती. तीत आजेसासूबाईंचा शालू, मामंजींचा कोशाचा फेटा, मुलांचे लोकरीचे कपडे, आणि सर्वांत वर एक लोकरीची शाल. मामंजी शिक्षक होते. ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ती शाल त्यांच्या खांद्यावर घातली होती. मामंजी गेल्यावर सासूबाई ती शाल कोणाच्या हाती देत नसत. ट्रंकेत मूठभर डांबराच्या गोळ्या असत. वैशाखात सासूबाई ट्रंक उघडीत, शाल बाजेवर उन्हात पसरीत आणि आपण सावलीत बसून राखण करीत. मला मनातून हसू येई. गोळ्या असताना ऊन कशाला, असे मला वाटे.

२००५ च्या थंडीत माझी नणंद बाळंतपणासाठी माहेरी आली. मुलगा झाला. कडाक्याची थंडी म्हणून मीच ट्रंकेतले लोकरीचे टोपडे आणि दुलई काढली, तशीच गोळ्यांच्या वासाची, आणि बाळाला गुंडाळले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ पिवळे पडले. नव्या बाळांना होते तशी कावीळ असेल, म्हणून आम्ही एक दिवस घालविला. मग त्याचे दूध पिणेच सुटले, तेव्हा रातोरात अमरावतीला नेले. तेथील डॉक्टरांनी बाळाला निळ्या उजेडाखाली ठेवले, रक्त तपासले आणि आम्हाला पहिलाच प्रश्न केला, "घरात डांबराच्या गोळ्या वापरता का?"

काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक द्रव्य कमी असते. डॉक्टर त्याला जी-सिक्स-पी-डी म्हणतात. अशा मुलाने या गोळ्यांची वाफ श्वासाबरोबर घेतली तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. आमचे बाळ त्यांतलेच निघाले. ही गोष्ट नवी नव्हती. ग्रीस देशातील डॉक्टरांनी १९६३ सालीच अशा २१ नवजात बाळांची हकीकत प्रसिद्ध केली होती. युरोपीय संघाने २००८ साली या गोळ्यांची विक्री बंद केली. आपल्याकडे मात्र त्या अजून दुकानात सहज मिळतात, आणि पेपरमिंट समजून मूल ती तोंडात घालील ही भीती निराळीच.

देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेने बाळ वाचले. आज तो कॉलेजात शिकतो. घरी येताच आम्ही सगळ्या गोळ्या फेकून दिल्या, ट्रंकेतले कपडे कितीतरी दिवस वाऱ्यावर टाकले आणि मग लोकरीचे कपडे रिठ्याच्या पाण्यात धुतले.

येथवर सगळे ठीक झाले. चूक पुढे झाली, आणि ती माझी.

२००९ साली सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. त्यांची उजवी बाजू गेली. ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला आली. गोळ्या तर आम्ही बंद केल्याच होत्या, उरले होते ते सासूबाईंचे ऊन. आजारपण, मुलांच्या शाळा, शेतीचे दिवस, या गडबडीत एक वैशाख गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. ट्रंक उघडावयाची राहून गेली. २०१२ च्या थंडीत एके संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "बाई, थंडी वाजते वं. यांची शाल काढ."

मी ट्रंक उघडली. वरून शाल जशीच्या तशी दिसत होती. उचलली तो घडीघडीतून भोके. बारीक जाळी, वाळूसारखे कण आणि अळ्यांच्या रिकाम्या पिशव्या खाली सांडल्या. आजेसासूबाईंचा शालू जुन्या धुतलेल्या धोतरात घट्ट बांधून ठेवला होता म्हणून तेवढा वाचला.

शाल लपवावी असे मला क्षणभर वाटले, पण लपविणार कोठे? तशीच सासूबाईंच्या पायांवर नेऊन ठेवली. त्यांनी डावा हात तिच्यावरून फिरविला. एका भोकात त्यांचे बोट गेले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "हिले ऊन कवा दाखवलं होतं वं?"

मला उत्तर देता आले नाही. पुढल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्या प्रश्नाचे उत्तर मी आज या स्मरणिकेत देते आहे असे समजा.

मी गोळ्या फेकल्या ते योग्यच केले. पण गोळ्यांच्या जागी काही ठेवले नाही. जागी ठेवावयाचे ते औषध नव्हते, वर्षातला एक दिवस होता. गोळ्या आल्या तेव्हा आपणा बायकांना वाटले की आता पेटी उघडावयाचे कष्ट वाचले. ती काटकसर आपल्याला महाग पडली. गोळीही खरे काम करते ते घट्ट बंद डब्यात, वाफ कोंडून राहिली तरच. आपल्या हवेशीर कपाटात ती किड्याला फारशी मारीत नाही आणि घरातल्या माणसांच्या श्वासात मात्र जाते.

आता मी काय करते ते सांगते. लोकरीचे कपडे ठेवण्यापूर्वी धुऊन अगदी कोरडे करते, कारण अळी डागाकडे आधी जाते. वैशाखात एक दिवस ठरवून ट्रंक रिकामी करते. आपल्या गावी त्या दिवसांत पारा सहज ४२-४३ अंशांवर जातो आणि गच्चीवरचे ऊन त्याहून कडक. ४९ अंशांची उष्णता अर्धा तास कपड्याच्या आतपर्यंत पोहोचली तर अळी आणि अंडी दोन्ही मरतात असे पुस्तकात दिले आहे. म्हणून लोकर नुसती पसरीत नाही, दर तासाने उलटते, शिवणी आणि खिसे उघडते, ब्रशाने झाडते. रेशीम आणि जर मात्र कडक उन्हात घालू नये, रंग उडतो. ते सावलीत वाऱ्यावर टाकावे, जुनी घडी मोडून नवी घालावी आणि धुतलेल्या सुती कापडात घट्ट गुंडाळावे. ज्यांच्या घरी डीप फ्रीझर आहे त्यांनी लोकरीची वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांत चार-पाच दिवस ठेवली तरी अळी मरते.

आणि केरसुणी विसरू नये. कपाटाखाली साठलेले केस, लोकरीचे धागे, कोळिष्टके यांवर ही अळी सुखाने जगते. ज्या जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले आणि खराटा हाती घेऊन गावोगाव फिरले, त्या जिल्ह्यातल्या बायकांना याहून अधिक सांगणे बरे नव्हे.

त्या शालीचे काय झाले, असे कोणी विचारील. जेवढा भाग धड होता तेवढा मी कापून घेतला. आपल्या मंडळातल्या चौघींनी दोन दुपारी बसून सासूबाईंच्या दोन मऊ सुती लुगड्यांच्या मध्ये तो घातला आणि गोधडी शिवली. ती आम्ही रोज पांघरतो. तिला आजपर्यंत कसर लागली नाही.

शेवटी मंडळाला माझी एक विनंती आहे. हळदीकुंकवाचा दिवस आपण ठरवतो, भोंडल्याचा ठरवतो, तसा वैशाखातला एक दिवस पेट्या उघडण्याचा ठरवावा. त्या दिवशी प्रत्येकीने आपली ट्रंक, आपले कपाट गच्चीवर नाही तर अंगणात रिकामे करावे. ज्यांचे हात-पाय आता चालत नाहीत अशा आपल्या वडीलधाऱ्या बायांच्या घरी तरुण सुनांनी जाऊन त्यांच्याही पेट्या उघडून द्याव्यात. एकेका वस्त्राची गोष्ट त्यांच्याकडून ऐकून घ्यावी. कोणत्या घरी बाळंतीण असेल तर तेथे डांबराच्या गोळ्या नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहावे. या कामाला खर्च काही नाही. ऊन आपल्याला परमेश्वराने भरपूर दिले आहे.

 

आपली,
मंडळाची एक सभासद
अचलपूर